हा आवाज नक्की कुणाचा?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी ध्वनिशास्त्राच्या पेपरसाठी एक छोटा प्रकल्प करायचा होता. मी मोठ्या हौसेने विषय घेतला : एकच गाणं, दोन गायिका. ‘माय फेअर लेडी’ मधलं ‘आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट’. एका बाजूला नाटकातली ज्युली अँड्र्यूज, दुसऱ्या बाजूला सिनेमातली ऑड्री हेपबर्न. दोन आठवडे बसून स्पेक्ट्रोग्राम काढले, वरच्या सुरांवरचा कंप मोजला आणि निष्कर्षही लिहिला : हेपबर्नचा आवाज वरच्या पट्टीत आश्चर्यकारकरीत्या स्थिर राहतो.

सादरीकरणात सरांनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, “अगं, हा आवाज तिचाच आहे हे तू कुठून घेतलंस?”

फाइलच्या नावावरून, सर.

तो आवाज मार्नी निक्सनचा होता. माझी मोजणी अगदी बरोबर होती, फक्त माणूस चुकला होता. गुण गेले ते गेलेच, पण त्यानंतर मी या एका सिनेमाच्या गाण्यांची जी ध्वनिमुद्रणं मिळतील ती शोधून ऐकायला लागले. तुमच्यापैकी जे संशोधनाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांना हा शोध सांगावासा वाटतो, कारण यात मला एक नाही, चार ‘माय फेअर लेडी’ सापडल्या. आणि प्रत्येकीवर माझं मत वेगळं आहे.

पहिली 1956ची. ब्रॉडवेवर नाटक मार्चमध्ये सुरू झालं आणि त्याच महिन्यात कोलंबियाने मूळ संचाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. रेक्स हॅरिसन, ज्युली अँड्र्यूज, स्टॅन्ली हॉलोवे. हे मुद्रण मोनो आहे. पुढे स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या तेव्हा तीच मुख्य मंडळी 1959मध्ये लंडनला पुन्हा गायली. ही दुसरी. आता गंमत बघा, तुम्ही ‘मूळ नाट्यसंच’ म्हणून जी फाइल उतरवता ती या दोहोंपैकी कुठलीही असू शकते. तेच गायक, तीच गाणी, तीच पात्रं. मोनो की स्टीरिओ एवढ्यावरूनही भागत नाही, कारण जुन्या मोनो मुद्रणांना कृत्रिम स्टीरिओ करून विकायची पद्धतही होती. दोन्ही शेजारी लावून ऐकावं लागतं.

माझ्या कानाला 1956चं जास्त आवडतं. 1959चं ऐकायला स्वच्छ आहे, वाद्यं मोकळी वाटतात, पण हॅरिसनला आता टाळ्या कुठे पडतात ते पाठ झालेलं आहे. तो शब्दांशी खेळतो, जरा जास्तच खेळतो. पहिल्या मुद्रणात हिगिन्स खरोखर वैतागलेला वाटतो.

तिसरी म्हणजे 1964चा वॉर्नर ब्रदर्सचा सिनेमा. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर, संगीताची धुरा आंद्रे प्रेव्हिनकडे. आठ ऑस्कर मिळाली, त्यात ध्वनीचंही एक. आणि इथे गोष्ट फारच गुंतागुंतीची होते. हॅरिसनने गाणी आधी मुद्रित करून पडद्यावर नुसते ओठ हलवायला नकार दिला. म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि तो सेटवर प्रत्यक्ष गायला. फ्रेडीचं काम करणाऱ्या जेरेमी ब्रेटसाठी बिल शर्ली गायला. एलायझाची बहुतेक गाणी निक्सनची. म्हणजे एकाच चौकटीत उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाचा आवाज त्या क्षणाचा आणि दुसरीचा स्टुडिओतला, तोही भलत्याच बाईचा. हे एकदा कळलं की ‘द रेन इन स्पेन’ पूर्वीसारखं ऐकूच येत नाही. मला तरी येत नाही.

आपल्याला यात विशेष काय, असं वाटू शकतं. आपण पार्श्वगायनावरच वाढलो. पण 1949च्या ‘महल’ची तबकडी आठवा. ‘आयेगा आनेवाला’ लता मंगेशकरांनी गायलं आणि तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं गेलं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! तेव्हाचं कुणी फक्त लेबल वाचून यादी केली असती तर कामिनी नावाची एक थोर गायिका मराठी-हिंदी संगीताच्या इतिहासात जमा झाली असती. पुढे आपल्याकडे गायकांची नावं आली, पार्श्वगायक स्वतः तारे झाले. हॉलिवूडमध्ये मात्र ते झाकून ठेवण्याकडे कल राहिला. निक्सन त्याआधी ‘द किंग अँड आय’ मध्ये डेबोरा करसाठी आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ मध्ये नताली वूडसाठी गायली होती. ‘माय फेअर लेडी’ च्या पडद्यावरही तिचं नाव नाही. माझी चूक एकटीची नव्हती, असं मी स्वतःला समजावते. (समजावून घेतलं तरी गुण परत मिळत नाहीत.)

आता चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हेपबर्ननेही ही गाणी स्वतःच्या आवाजात मुद्रित केली होती. 1994मध्ये सिनेमाची प्रत दुरुस्त झाली, त्यानंतरच्या डीव्हीडीत ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ आणि ‘शो मी’ ही दोन तिच्या आवाजात पुरवणी म्हणून दिली आहेत. इंटरनेटवर तुकडे फिरतात ते सोडा. डीव्हीडी मिळवा, कारण तिथे निदान ते कुठून आलं हे माहीत असतं.

‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ मध्ये हेपबर्नचा आवाज लहान आहे, किंचित घोगरा, श्वास ऐकू येतो. पण कॉव्हेंट गार्डनच्या थंडीत फुलं विकणारी, एका ऊबदार खोलीचं स्वप्न बघणारी मुलगी असाच आवाज काढेल. निक्सनचा आवाज सुरेख आहे आणि तोच त्याचा दोष आहे. हिगिन्सने धडा द्यायच्या आधीच मुलगी शिकून आलेली वाटते! हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि हे मी निक्सनबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते.

‘शो मी’ मध्ये मात्र मी अडखळते. गाणं वेगवान, संतापाचं. हेपबर्नचा संताप खरा आहे, पण वर जाताना आवाज पातळ होतो आणि शब्द धावायला लागतात. निक्सन तिथे ताकदीने उभी राहते. आणि माझं ते प्रकल्पातलं गाणं? त्याचा शेवट वर चढतो, त्याला कसलेला सोप्रानो लागतो. तिथे निर्मात्यांचं म्हणणं मला पटतं.

सगळ्यात शिकवणारं गाणं ‘जस्ट यू वेट’. पुलंच्या ‘ती फुलराणी’ त मंजुळाचं जे गाजलेलं स्वगत आहे, भक्ती बर्वेंनी केलेलं, ते याच जागेवरचं. सिनेमात त्याचा सुरुवातीचा करकरीत रागाचा भाग हेपबर्नचाच आहे, मधला सुरेल भाग निक्सनचा, आणि पुढे एलायझा रडत तेच छोटंसं पुन्हा गाते ते पुन्हा हेपबर्न. हेडफोन लावून ऐका. जोड ऐकू येतो. एकदा ऐकला की दर वेळी ऐकू येतो.

या सिनेमाबद्दल दोन दंतकथा चालतात : हेपबर्नला गाताच येत नव्हतं, आणि तिच्यावर घोर अन्याय झाला. पहिली तर ‘फनी फेस’ मुळेच पडते, तिथे ती स्वतः गायली आहे. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ मधलं ‘मून रिव्हर’ तर हेन्री मॅन्सिनीने तिच्या आवाजाची झेप बघूनच रचलं. पण तिने गायलेलं ते रूप तबकडीवर आलं नव्हतं, ते तिच्या 1993मधल्या मृत्यूनंतर आलं. म्हणजे तीस वर्षं ज्यांच्याकडे फक्त तबकड्या होत्या त्यांच्या दृष्टीने तो पुरावा नव्हताच. दुसरी दंतकथा ‘लव्हर्ली’ पुरती खरी, ‘शो मी’ पुरती अर्धी, आणि ‘डान्स्ड ऑल नाइट’ पुरती मला मान्य नाही. गाणंगणिक उत्तर बदलतं.

प्रकल्प मी नंतर पुन्हा केला, गुणांसाठी नाही. या वेळी ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ घेतलं, हेपबर्न आणि निक्सन, एकाच सिनेमासाठी गायलेल्या दोघी. आलेखावर दोघींची नावं लिहिली आणि खाली बारीक अक्षरात कुठल्या डीव्हीडीवरून घेतलं तेही. सरांना दाखवला तेव्हा त्यांनी आधी ते बारीक अक्षर वाचलं.