मुठीतला बहुरूपी

दिवाळी अंकात कादंबरीचे परीक्षण यावे, नाटकाचे यावे, फार तर एखाद्या बोलपटाचे यावे. पण खेळायच्या यंत्राचे? फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकाने असा प्रश्न केला तर तो वावगा नाही. माझे उत्तर एवढेच की, ज्या वस्तूवर माणसे आपली कल्पनाशक्ती खर्च करतात, जिच्यासाठी रात्री जागवतात आणि जिच्यावरून भांडतात, ती वस्तू टीकाकाराच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. पँडोरा ही अशीच एक वस्तू.

कंपासपेटीहून जाड, १४ सेंटिमीटर लांबीची ही डबी. उघडली की झाकणात पडदा, खाली अक्षरांच्या बारीक कळा, एका बाजूस दिशांची फुली, दुसऱ्या बाजूस चार बटणे, आणि अंगठ्यांनी सरकवायच्या दोन चकत्या. म्हटले तर खेळणे, म्हटले तर पुरा संगणक. तिचे कूळ कोरियातले. तिथे २००१ साली जीपी३२ आणि २००५ साली जीपी२एक्स ही हातात धरून खेळायची यंत्रे निघाली. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांना कुलपे असतात. मालकाने स्वतः रचलेला खेळ आत शिरू नये हा त्यांचा हेतू. या कोरियन यंत्रांनी दार उघडे ठेवले. त्यांच्या युरोपातल्या चाहत्यांपैकीच काहींनी मग स्वतःचे यंत्र काढायचे ठरवले, आणि ३० सप्टेंबर २००८ रोजी आगाऊ पैसे घेऊन मागण्या नोंदवायला सुरुवात केली. पहिली यंत्रे गिऱ्हाइकांकडे निघाली ती मे २०१० मध्ये! कित्येकांना तर त्यापुढेही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. हौस ही उत्तम गोष्ट खरी. पण ती दुसऱ्याच्या पैशावर फेडायची असेल, तर दिलेला वायदा पाळणे हाही हौसेचाच भाग मानला पाहिजे.

या डबीची कीर्ती झाली ती मात्र वेगळ्याच गुणामुळे. ती बहुरूपी आहे. बहुरूपी जसा आज पोलीस, उद्या वासुदेव होऊन दारात उभा राहतो, तशी ही कधी १९८८ सालच्या सेगा मेगा ड्राइव्हचे रूप घेते, कधी सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे. हे सोंग आणणाऱ्या प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. जुन्या यंत्राचा मेंदू एक भाषा बोलतो, पँडोराचा दुसरी. इम्युलेटर मध्ये दुभाष्यासारखा बसतो आणि खेळातली एकेक आज्ञा ऐकून दुसऱ्या भाषेत सांगत जातो. बरे, नुसता अर्थ सांगून भागत नाही. तालही सांभाळावा लागतो. दर सेकंदाला साठ चित्रे पडद्यावर उमटायची, तर दुभाष्याला खाकरायलाही सवड नाही. म्हणूनच दुबळ्या यंत्राचे सोंग वठवायला त्याहून पुष्कळ बळकट यंत्र लागते.

या विद्येतला एक जबरदस्त कारागीर म्हणजे नोटाझ हे टोपणनाव घेणारा लिथुआनियाचा प्रोग्रामर. मेगा ड्राइव्ह आणि प्लेस्टेशनची त्याने बसवलेली सोंगे जाणकार आजही वाखाणतात. पण २०१४ साली त्याने केले ते सोंगाच्या पलीकडचे होते. स्टारक्राफ्ट हा १९९८ सालचा खेळ मोठ्या टेबलावरच्या संगणकासाठी रचलेला. मूळ लेखकांची संहिता हाती नसताना नोटाझने यंत्रभाषेतला तो सबंध खेळ उकलला आणि पँडोराच्या भाषेत कायमचा उतरवला. हे दुभाष्याचे काम नव्हे, हे भाषांतर. ज्याने एखादे जाडे पुस्तक आपल्या भाषेत आणण्यासाठी डोळे शिणवले असतील, त्याला या माणसाची योग्यता निराळी सांगायला नको.

इथे कोणी म्हणेल, ही सारी चोरीच की. प्रश्न तितका सरळ नाही. सोंग आणणारा प्रोग्राम स्वतंत्रपणे रचण्यासाठी मूळ यंत्राची उकल करणे गैर नाही, असा निकाल अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २००० सालीच सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या दाव्यात दिला. खेळाची नक्कल वाटणे ही मात्र वेगळी गोष्ट. उलट बाजूस, २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत २०१० पूर्वीचे ८७ टक्के खेळ बाजारात सरळ मार्गाने मिळतच नाहीत असे आढळले. लेखक म्हणून मला हा प्रश्न झोंबतो. माझ्या पहिल्या कादंबरीची प्रत आज प्रकाशकाकडेही नाही. एका वाचनालयातल्या मुलीने ती सबंध वहीत उतरवून घेतल्याचे कळले, तेव्हा मला राग आला नाही, जीव सुखावला. पण कोणी तिच्या नकला काढून शेकड्यावर विकू लागला तर मी गप्प बसणार नाही. हल्ली चिनी बनावटीची स्वस्त यंत्रे हजारो खेळ ठासून भरलेल्या कार्डासह विकली जातात, त्यांच्याविषयी माझे मत यावरून वाचकांनी ओळखावे. तिथे ढीग आहे, निवड नाही, आणि मूळ कर्त्याचे नावही नाही.

आता पँडोराच्या उणिवेकडे वळू. दार उघडे होते, पण आत आले ते बहुतेक पाहुणेच. तिच्यासाठीच म्हणून रचलेले, तिच्यावाचून सुचलेच नसते असे खेळ फारच थोडे. घरी रचलेल्या खेळांत मोठी कृती होऊ शकत नाही असे मुळीच नाही. दाइसुके अमाया या जपानी गृहस्थाने एकट्याने पाच वर्षे खपून केव्ह स्टोरी हा खेळ रचला आणि २००४ साली फुकट वाटला. त्यातली चित्रे, संगीत, कथा सगळे त्याचेच. परंतु तो खेळ काही अशा मुठीतल्या यंत्रासाठी जन्मला नव्हता. याउलट २०२२ साली अमेरिकेत निघालेले प्लेडेट पाहा. पडदा काळापांढरा, बाजूला फिरवायचा एक दांडा, बस्स. दुसऱ्याचे रूप घेण्यात पँडोरापुढे ते कुठेच टिकणार नाही. पण या अडचणीतूनच, ओवीच्या मापात शब्द बसवावेत तसे, त्या दांड्याभोवती कित्येकांनी नवे खेळ रचले. सर्वांचे आवाज काढणाऱ्या नटाला स्वतःचा आवाज सापडत नाही, असे पुष्कळदा होते. पँडोराचे थोडेसे तसे झाले.

तरीही निवड करायची वेळ आली तर माझा हात पँडोराकडेच जाईल. प्लेडेटसाठी खेळ लिहायला दुसऱ्या मोठ्या संगणकापुढे बसावे लागते. पँडोराच्या त्या बारीक कळांवर, एस.टी.च्या खिडकीशी बसून, जो खेळ खेळायचा तो तिथल्या तिथे लिहिताही येतो. माझ्या वर्गातल्या मुलांना खेळ आभाळातून पडतात असे वाटते. त्यांच्या हाती मी हीच डबी देईन.