बाळ येशू : नाम आणि भाव

बाळ येशूच्या मूर्तीची कॅथॉलिक उपासना म्हणजे बाळकृष्णाच्या वात्सल्यभक्तीचेच ख्रिस्ती रूप होय, असे विधान पुष्कळदा सहजपणे केले जाते. ते आकर्षक आहे. परंतु मूर्ती आणि भाषा या दोहोंची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते.

प्रथम मूर्ती पाहावी. या उपासनेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना प्राग येथील होय. जेमतेम दीड फूट उंचीची, मेणाचा लेप दिलेली ही लाकडी मूर्ती पोलिक्सेना लोबकोविच या उमराव स्त्रीने १६२८ साली कार्मेल संघाच्या साधूंना दिली. हा बालक रांगत नाही, लोणी चोरीत नाही. तो राजवस्त्रे व मुकुट लेवून उभा असतो. डाव्या हाती क्रूसांकित गोल, उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला. वय बालकाचे, अधिकार सम्राटाचा.

गोव्यातील कोलवे येथील ‘मेनिनो जेजू’चा इतिहासही हेच सांगतो. परंपरेनुसार बेन्तो फेरैरा या जेजुइट धर्मगुरूस ही मूर्ती मोझांबिकच्या किनाऱ्यावर सापडली व १६४८ मध्ये ती कोलव्यास आली. धार्मिक संघांच्या उच्चाटनानंतर ती राशोल येथे नेण्यात आली. गावकऱ्यांनी मागूनही ती परत मिळाली नाही, तेव्हा १८३६ मध्ये नव्या मूर्तीची स्थापना झाली. ऑक्टोबरातील ‘फामा’च्या उत्सवात भाविक मूर्तीच्या उंचीइतका दोरा घेऊन अंगावर बांधतात. त्यास ‘मेदिदा’, म्हणजे माप, असे म्हणतात. विदर्भात, भिवापूरसारख्या गावी, गोकुळाष्टमीस पाळण्याची दोरी ओढणारी व्यक्ती क्षणभर यशोदा होते. मेदिदा बांधणारा कोणाचीही आई होत नाही. तो रक्षण मागतो.

शब्दांचा पुरावा याहून सूक्ष्म आहे. मराठीत ‘बाळा’ ही हाक वडीलधाऱ्याची. ती देणारा आपोआप आईबापांच्या जागी जातो. ‘बाळ येशूला’, ‘बाळ येशूच्या’ या रूपांत मात्र प्रत्यय ‘येशू’ला लागतो, ‘बाळ’ अविकृत राहतो. तो वयाचा वाचक न उरता नामाचा घटक बनतो. ‘बाळकृष्ण’ हा समासही तसाच आहे, हा आक्षेप रास्त होय. पण त्या समासाभोवती तान्हा, कान्हा, पाळणा, बाळक्रीडा असा शब्दांचा मोठा गोतावळा आहे. नाशिकरोडच्या मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेस लोटणाऱ्या भाविकांच्या तोंडी त्याऐवजी नवस, कृपा, साकडे, दर्शन हेच शब्द असतात. हे शब्द दरबाराचे आहेत, माजघराचे नव्हेत.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) येथे अनेकदा साक्षीस काढले जाते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने पुराणाचा साचा ख्रिस्तकथेस दिला, हे निर्विवाद. परंतु साच्याबरोबर भावही येतोच, हे गृहीत धरणे म्हणजे छंदालाच भक्ती समजणे होय. शिवाय हा ग्रंथ कोलव्यातील मूर्तीच्या बत्तीस वर्षे आधीचा आहे. त्यावरून त्या मूर्तीच्या उपासनेचे स्वरूप ठरविता येत नाही.

वात्सल्य मराठी ख्रिस्ती जीवनात नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ते नाताळच्या गोठ्यात आहे. तेथे येशू गवतावर निजलेला, उघडा व परावलंबी असतो. त्याच्यापाशी कोणी नवस बोलत नाही, गीत गाते. एकाच बालकाच्या या दोन रूपांत भाविकांनी आपला भाव नेमका वाटून दिला आहे.