मध्यरात्रीची मर्यादा

'मिश्ना' ह्या यहुदी धर्मसंहितेंतील झेवाहीम नांवाचें प्रकरण प्रथमदर्शनीं अत्यंत कोरडें वाटतें. यज्ञपशु कोठें मारावा, त्याचें रक्त कोठें शिंपडावें, मांस कोणीं, कोठें व केव्हांपर्यंत खावें, ह्यांचीच त्यांत चर्चा. शिवाय ज्या यरुशलेमच्या मंदिराकरितां हे नियम, तें रोमन सैन्यानें इ. स. ७० मध्यें जाळलें, आणि संहितेची मांडणी पुरी झाली ती त्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं! नाहींशा झालेल्या वेदीवरील मांसाचा हा हिशेब आज रसिकानें कां वाचावा, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

पांचवा अध्याय घ्यावा. अवघ्या आठ कलमांत सर्व पशुयज्ञांची वर्गवारी आहे. पापार्पणाचें मांस मंदिराच्या आवारांत, पुरोहितकुलांतील पुरुषांनींच, त्या दिवशीं व त्या रात्रीं मध्यरात्रीपर्यंत खावयाचें. उपकारस्तुतीचें अर्पण साऱ्या नगरांत कोणींहि, परंतु मध्यरात्रीपर्यंतच. साध्या शांत्यर्पणास दोन दिवस व मधली रात्र. वल्हांडणाचें कोंकरूं केवळ रात्रीं, भाजून, आधीं ठरलेल्या मंडळींनींच, आणि पुन्हां मध्यरात्रीपर्यंत. हा शब्द पालुपदासारखा परत परत येतो, आणि त्यानेंच ह्या रुक्ष यादीस एक लय येते. मात्र ही मर्यादा कां, हें अध्याय सांगत नाहीं. टीकाकारास हें न्यून नोंदविलेंच पाहिजे.

मांस नासूं नये म्हणून ही घाई, असा एक सोपा खुलासा सुचतो. परंतु तो टिकत नाहीं. लेवीय ग्रंथाच्या सातव्या अध्यायांत नवसाच्या अर्पणास दुसरा दिवसहि मोकळा आहे. उपकारस्तुतीच्या अर्पणास मात्र एकच दिवस. बोकड तोच, ऊनहि तेंच. मग एकाचें मांस दुसऱ्याच्या निम्म्या वेळांत कसें नासेल?

खरें उत्तर भाकरींच्या संख्येंत आहे. उपकारस्तुतीच्या अर्पणाबरोबर चार प्रकारच्या दहा दहा, म्हणजे एकूण ४० भाकरी द्याव्या लागत. तीन प्रकार बेखमीर व एक खमिराचा. प्रत्येक प्रकारांतील एक पुरोहितास गेली कीं यजमानाजवळ ३६ उरत, आणि वर मांस! अन्न सर्वांत अधिक आणि अवधि सर्वांत थोडा. एकट्या कुटुंबानें तें संपविणें अशक्य. तेव्हां शेजारी बोलावा, वाटसरू बोलावा, आणि आपण कोणत्या संकटांतून वांचलों तें त्यांस सांगा. एकोणिसाव्या शतकांतील पंडित नफ्ताली झ्वी येहूदा बर्लिन ह्यांनीं हाच अर्थ लावला आहे. त्यांच्या अठरा शतकें आधीं अलेक्झांड्रियाच्या फायलोनेंहि शांत्यर्पणाविषयीं म्हटलें होतें कीं, हें अन्न आतां यजमानाचें राहिलें नसून देवाचें आहे. म्हणून त्याची साठवण करूं नये. कायद्यानें औदार्याची आज्ञा केली नाहीं; फक्त घड्याळ लावून ठेवलें.

दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांतील 'पिग्गूल'चा विचार मात्र वाचकाची परीक्षा पाहतो. वध करतांना किंवा रक्त शिंपडतांना जैतुनाच्या फळाएवढा तुकडा मुदतीनंतर खाण्याचा नुसता हेतु मनांत धरला, तरी यज्ञ बाद! ह्या एका सूत्राचे इतके पर्याय उलटसुलट मांडले आहेत कीं कंटाळा येतो. परंतु सूत्रांतलें मर्म वरच्या विवेचनाशीं जुळतें: देतां देतांच उद्यांकरितां राखून ठेवण्याचा विचार शिरला, कीं तें देणेंच नासलें.

मूळ शास्त्राची मर्यादा पहाटेपर्यंतची. मनुष्याचें पाऊल चुकूं नये म्हणून ऋषींनीं ती मध्यरात्रीवर आणली, असें संहितेच्या पहिल्याच कलमांत आहे. तेथें चर्चा सायंप्रार्थनेच्या वेळेची. पण ती वेळ सुरू होते पुरोहित आपल्या वांट्याचें अन्न खावयास जातात तेव्हां. रब्बान गमलिएलाचे पुत्र मेजवानीहून उशिरां परतले व प्रार्थना राहिल्याचें त्यांनीं कबूल केलें. पहाट झाली नसेल तर ती करणें तुम्हांस प्राप्तच आहे, असें बापानें सांगितलें, आणि आधार दिला तो यज्ञमांसाच्या ह्याच नियमाचा. कुंपण घालणारे कठोर नव्हते, हें ह्या लहानशा प्रसंगांत दिसतें.

हा पांचवा अध्याय सनातनी यहुदी आजहि सकाळच्या प्रार्थनेंत वाचतात. कोंकणांतील बेने इस्राएलांचा वल्हांडणविधि मराठी भाषांतरासह पुण्यास १८७४ मध्यें छापला गेला. त्या रात्रीच्या भोजनाचा शेवटचा बेखमीर घास, कोंकराची आठवण म्हणून, मध्यरात्रीपूर्वीं खाण्याचा प्रघात आहे. वेदी गेली, पशु गेला, मर्यादा राहिली. कृतज्ञता शिळी होऊं देऊं नये, ती त्याच दिवशीं चारचौघांत वांटून टाकावी, एवढेंच ह्या कोरड्या ग्रंथाचें म्हणणें. आणि तेवढ्यासाठीं तो वाचावा अशी आमची शिफारस आहे.