कुकरच्या वाफेवरचा भूगर्भ

विज्ञान प्रदर्शनाचा विषय ऊर्जा असला, की भूऔष्णिक ऊर्जेची एक प्रतिकृती बहुधा मांडलेली असते. थर्माकोलचा डोंगर, त्याच्या आड शेगडी, शेगडीवर प्रेशर कुकर, कुकरच्या वाफेने फिरणारे पत्र्याचे चक्र आणि चक्राला जोडलेल्या लहानशा जनित्रावर लुकलुकणारा दिवा. शेजारच्या तक्त्यावर लिहिलेले असते : ही ऊर्जा फुकट, अक्षय व प्रदूषणमुक्त आहे. भंडारा जिल्ह्यातील शिक्षक व विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून या प्रतिकृतीचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत. वर्गातील स्पष्टीकरणही अनेकदा तिच्याच वळणाने जाते, म्हणून ते करणे आवश्यक वाटते.

प्रथम तिचे श्रेय तिला देऊ. वाफ, चक्र, जनित्र, दिवा ही साखळी अगदी खरी आहे. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली पिएरो जिनोरी काँती यांनी जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वाफेवर पाच दिवे पेटवले, ते याच तत्त्वावर. १९१३ साली तेथे २५० किलोवॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. तेव्हा यंत्राची बाजू प्रतिकृती चांगली शिकवते.

तिचा पहिला दोष शेगडीत आहे. पाणी कशाने तापते, हाच या विषयातील मुख्य प्रश्न; आणि नेमकी तीच वस्तू डोंगराआड झाकलेली असते. मग मुले आपापली उत्तरे शोधतात. ‘खाली ज्वालामुखी आहे’ हे एक. ‘पाण्यात गंधक आहे म्हणून ते तापते’ हे दुसरे. गंधक पाण्याखाली जळत नाही. काही झऱ्यांना येणारा उग्र वास पाण्यात विरघळलेल्या गंधकयुक्त वायूचा असतो. तो उष्णतेचे कारण नव्हे. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेपैकी ढोबळमानाने निम्मी युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी अणूंपासून येते आणि उरलेली पृथ्वीच्या जन्मापासूनची आहे. या उष्णतेमुळे साधारणतः दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते.

महाराष्ट्रातील गरम झरे या वाढीचीच साक्ष देतात. उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगावकडचे उनपदेव, किनवट तालुक्यातील उनकेश्वर. या नावांतच ‘ऊन’ पाणी आहे. कोकणातील झरे ज्या काळ्या खडकातून निघतात, तो ज्वालामुखीजन्य आहे खरा. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या लाव्हाची ऊब केव्हाच निवाली. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील खडकाच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते, एवढीच ही शेगडी.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वाफ दिसली की वीज मिळाली, असा समज प्रतिकृती करून देते. कुकरमधील वाफ सुमारे १२० अंशांची असते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे आहे. सभोवतालचे तापमान ३० अंश धरून केल्व्हिनमध्ये गणित मांडले, तर ७० अंशांच्या पाण्यापासून मिळू शकणारी कमाल कार्यक्षमता सुमारे १२ टक्के येते. कोळशाच्या केंद्रातील ५४० अंशांच्या वाफेसाठी हाच आकडा सुमारे ६३ टक्के आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडे हाती येते त्याहून बरेच कमी. म्हणूनच कमी तापमानाच्या पाण्याची उष्णता लवकर उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देऊन त्याच्या वाफेवर चक्र फिरवावे लागते. अनेकदा वीज करण्यापेक्षा ती उष्णता सरळ वापरणेच शहाणपणाचे ठरते. आइसलँडमध्ये सुमारे दहापैकी नऊ घरे भूऔष्णिक पाण्याने उबदार राखली जातात. धान्य वाळवणे, हरितगृहे तापवणे, मत्स्यपालन हे उपयोग तक्त्यावर क्वचितच दिसतात.

तिसरा दोष ‘अक्षय’ या शब्दाचा. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ या क्षेत्रातून १९६० पासून वीज निघते. तेथे आत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर काढलेली वाफ जास्त झाली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब घसरला. पुढे १९९७ पासून आसपासच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडावे लागले. न्यूझीलंडमधील वैराकेई येथे पाणी उपसल्याने जमीन काही ठिकाणी १० मीटरहून अधिक खचली. उष्णता पुष्कळ आहे. पण ती वर आणणारे पाणी मोजके आहे, हे कुकरमध्ये दर वेळी नवे पाणी ओतणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

भारतात १० हजार मेगावॅटहून अधिक भूऔष्णिक वीज मिळू शकेल, असा आकडा वारंवार छापला जातो. तो संभाव्य क्षमतेचा अंदाज आहे. लडाखमधील पुगा खोऱ्यात १ मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्रासाठी करार झाला, तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. हे दोन आकडे एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

आता भंडाऱ्याकडे वळू. येथे उन्हवऱ्यासारखे नाव असलेला झरा नाही आणि खडक अतिप्राचीन आहेत. सरासरी वाढ धरली, तर १५० अंशांचा खडक गाठायला येथे चार ते पाच किलोमीटर खोल जावे लागेल. प्राचीन, स्थिर भूभागात वाढ मंद असते, म्हणजे कदाचित त्याहूनही खोल. खंडांच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला ०.०६५ वॅट असते. एक एकर धानाच्या बांधीखालून, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरमधून, येतात सुमारे २६० वॅट. त्याच बांधीवर पडणारे ऊन, रात्रंदिवसाची वर्षाची सरासरी काढली, तरी याच्या तीन हजार पटींहून अधिक भरते. हे गणित नववीचा विद्यार्थी करू शकतो, आणि ते केल्यावर ‘फुकट’ या शब्दाकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो.

मग भंडाऱ्यातील मुलांनी हा विषय केवळ पाठ करावा काय? मुळीच नाही. विहिरीचे पाणी थंडीत कोमट आणि मे महिन्यात गार लागते, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. हातपंप दहा मिनिटे चालवून मग येणाऱ्या पाण्याचे तापमान घ्यावे. जानेवारीत पहाटे आणि मेमध्ये दुपारी. हवेचे तापमानही लिहावे. हवा तीस अंशांनी बदलली तरी पाणी फारसे बदलत नाही आणि ते वर्षाच्या सरासरी हवेच्या तापमानाजवळ राहते, असे आढळेल. ही ऊब मुख्यतः जमिनीने साठवलेल्या उन्हाची आहे, पृथ्वीच्या पोटातली नव्हे. तिच्या आधारे इमारती उबदार किंवा गार राखणाऱ्या उष्णता-पंपांनाही बाजारात ‘भूऔष्णिक’ म्हणतात. हा फरक विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावा.

कुकरची प्रतिकृती टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. थर्माकोलचा डोंगर मात्र काढावा, शेगडी उघडी ठेवावी आणि तक्त्यावर तीन विशेषणांऐवजी तीन प्रश्न लिहावेत : पाणी किती तापलेले आहे? ते किती आहे? उपसल्यावर ते पुन्हा कोठून येणार? त्याच तक्त्याखाली शाळेच्या हातपंपाची दोन तापमाने लिहिली, तर भंडाऱ्याच्या मुलांना या विषयावर स्वतःचे काही सांगता येईल.