जुनेर शिल्लक आहे तोवर

आपल्या गोधडी गटाचा जन्म कसा झाला हे इथे पुन्हा सांगत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बर्फ कोसळलं, रस्ते बंद झाले आणि बेसमेंटमध्ये अडकलेल्या बायकांनी सुईदोरा हाती घेतला, ही कथा डि मॉइनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच पॉटलकला ऐकवली जाते. मला लिहायचं आहे ते काकूंच्या डेन्व्हरवारीबद्दल. नव्या नातवाला भेटायला निघालेल्या आजीच्या सामानात काय असावं आणि ते तिकडे गेल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न आता आपल्यातल्या पुष्कळ घरांपुढे उभा आहे.

आपल्या मराठी मंडळात काकू पुष्कळ, पण नुसतं ‘काकू’ म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं. शनिवारी गोधडी गटासाठी हॉल उघडण्यापासून नजर कमी झालेल्यांच्या सुया ओवून ठेवण्यापर्यंत सगळं त्या करतात. असं माणूस साऱ्या मिडवेस्टात दुसरं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आणि काका! सतरंज्या अंथरणं, टेबलं हलवणं, उशीर झालेल्यांना गाडीने घरी सोडणं. त्यांच्या गळ्यात मंडळाने अजून हार घातलेला नाही. तो या लेखाने घालावा अशी माझी इच्छा आहे.

लेकीला दिवस गेल्याचा फोन आला त्याच संध्याकाळी काकूंनी ट्रंक उघडली. सासूबाईंची दोन सुती लुगडी, आईचं एक पातळ, काकांचे कॉलर झिजलेले सदरे आणि लेकीने कॉलेजात वापरून वापरून विरवलेली एक ओढणी, एवढं जुनेर निघालं. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, कुंची पुण्याहून मागवता येतात. गोधडी मात्र घरातूनच निघावी लागते.

हे आमच्या गटातल्या नव्या मुलींना पटवताना फार कष्ट पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. इथल्या क्विल्टमध्ये वर तुकडे जोडून केलेला थर, खाली अस्तर आणि मधे दुकानातून आणलेलं बॅटिंग असतं. आपल्या गोधडीत भर असते ती जुन्या कपड्यांचीच. खाली एक लुगडं पसरायचं, त्यावर धोतर, सदरे, परकर यांचे थर लावायचे, वर दुसरं लुगडं घालायचं, हाताने चुण्या सारून सगळं लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं. वर्षानुवर्षांच्या धुण्याने कापडातली खळ पार गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं, त्यामुळे चार-पाच थरांतूनही सुई निघते. नवं कापड घट्ट असतं. त्यातून सुई ओढताना बोट दुखतं, आणि मग मशीन आठवतं.

मशीनला माझा विरोध नाही. कडेचा गोट मशीनवर घातला तर घाला. मनगट दुखणाऱ्या बाईने हातानेच शिवावं असा हट्ट मी कधी धरला नाही. पण गेल्या दोन वर्षांत गटात नवंकोरं कापड यायला लागलं आहे, दुकानात सेल लागला की रंग जुळवून आणलेलं, कडक इस्त्रीचं. त्याला मात्र मी विरोध करत राहणार. ज्या कापडाने कुणाचा घाम टिपला नाही, ज्याला घरातल्या कुणाची ओळख नाही, त्याची चादर होईल, पांघरूण होईल. गोधडीला आधी एक आयुष्य जगलेलं कापड लागतं.

दुसरी तक्रार माझी नव्हे, कमिटीची: गोधडीच्या कोपऱ्यातल्या फुलांची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यातले बरेच घरात कोकणी बोलतात. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, आणि ती नसतील तर कवंदी उघडीवाघडी मानतात. काकूंनी ही फुलं शिकून घेतली आणि आपल्या गोधड्यांना लावायला सुरुवात केली. “हे आपलं कुठे?” असं कमिटीच्या बैठकीत विचारलं गेलं. मला तो प्रश्न आवडला नाही. लुगड्याला घाटावरचं आणि घाटाखालचं असा भेद कधी कळला आहे का? सांगलीकडची वाकळ, कर्नाटकातली कौदी, सिद्दींची कवंदी या एकाच गरजेतून आल्या. ही उसनवारी मला नव्या कापडापेक्षा कितीतरी पटींनी मान्य आहे.

आता या वर्षीच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाबद्दल. जे आले नव्हते त्यांच्यासाठी लिहिते, आणि जे आले होते त्यांनाही पुन्हा वाचायला आवडेल.

चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावून मधे मोठी सतरंजी अंथरली होती. तिच्यावर काकूंची अर्धी शिवून झालेली गोधडी. दर वर्षी स्टेजवर नाच-गाणी होतात. या वर्षी आमच्या गटाने अर्धा तास मागून घेतला होता आणि तो मिळेपर्यंत किती फोन झाले ते सेक्रेटरींना ठाऊक! चार बाजूंना बायका बसल्या. आपल्या सर्वांत ज्येष्ठ आजी, कोल्हापूरच्या, खुर्चीवर बसून ओव्या म्हणणार होत्या. माइक खरखरला, बंद पडला, आजींनी तो बाजूला सारला आणि नुसत्या गळ्याने सुरू केलं. जात्यावरची ओवी ती. जात्याच्या पाळीशी बांधलेली तिची चाल सुईशी कशी जुळणार अशी मला धास्ती होती. ती आपोआप जुळली. ओळ संपायची तिथे चारी बाजूंनी हात वर यायचे, दोरा ओढला जायचा, पुढची ओळ सुरू. पहिली पाच मिनिटं मागच्या रांगेत गप्पा चालू होत्या. मग तिकडूनही कुणीतरी ओवीची दुसरी ओळ उचलली. मराठी शाळेतली मुलं कडा ताणून धरायला उभी होती, त्यातल्या एकीने न सांगता सुया ओवून द्यायला घेतल्या.

आणि तेवढ्यात बोरन्हाणाचं बाळ निसटलं. अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट तिरका, केसांत चुरमुरे, असं ते रांगत रांगत थेट गोधडीच्या मधोमध येऊन बसलं. त्याची आई धावली. आजींनी हातानेच तिला थांबवलं आणि ओवी तोडली नाही. बायका बाळाच्या भोवतीने शिवत राहिल्या. बाळ हलव्याचा एक एक दाणा तोडून टाक्यांवर ठेवत होतं. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, पुढचा लावणीचा कार्यक्रम खोळंबला, आणि लावणीच्या मुलींपैकी कुणीही कुरकुर केली नाही. इतक्या वर्षांत आपल्या मंडळाने याहून देखणं काही केलेलं मला आठवत नाही. शेवटी गोधडी झटकताना हॉलभर चुरमुरे उडाले.

मार्चमध्ये नातू झाला. काका-काकू गाडीनेच निघाले, कारण विमानात बॅगेचं वजन आणि काकूंची कात्री या दोन्हींची काळजी. आय-80 वरून पश्चिमेला जाताना तीनेक तासांवर नेब्रास्कातलं लिंकन लागतं. तिथल्या विद्यापीठाचं इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम 1997 मध्ये सुरू झालं आणि देशोदेशींची हजारो पांघरुणं तिथे जपली आहेत. आयोवात राहून ते न पाहणं म्हणजे आळस, असं मी इथे स्पष्ट लिहिते. मंडळाने एकदा बस करावी. काकूंनी तिथे दोन तास काढले. हात लावायची मुभा नसल्याने कमरेत वाकून कडेकडेने टाके पाहिले, पाठ कशी आली असेल याचा अंदाज घेत. गोधडीची खरी परीक्षा पाठीवर होते, हे त्यांचं ठाम मत आहे.

परत आल्यावर त्यांनी मला अलाबामातल्या जीज बेंडबद्दल विचारलं, म्हणून तेही सांगते. त्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात मांडल्या गेल्या, नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनीत, आणि 2006 मध्ये त्यांच्यावर पोस्टाची तिकिटंही निघाली. त्यांच्यातल्या मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामावरच्या कपड्यांची क्विल्ट शिवली. हे ऐकून काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांचंही जुनेरच.”

आता डेन्व्हरला काय झालं ते. लेकीने गोधडी हातात घेतली, ओढणी ओळखली, डोळे पुसले आणि मग म्हणाली, “आई, पण ही क्रिबमध्ये नाही घालता येणार.” अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्सचा सल्ला तसाच आहे: पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर निजवावं आणि झोपण्याच्या जागेत पांघरूण, उशी, मऊ गादी काही ठेवू नये. आपल्यातल्या अनेक आज्यांना हे लागतं. काकूंनाही लागलं. पण डॉक्टरांचं ऐकायलाच हवं, यात दुमत असू नये. एका श्वासापुढे आपली हौस काय मोठी? मग दुसऱ्या दिवशी लेकीनेच वाट काढली. बाळ जागं असताना त्याला थोडा वेळ पालथं ठेवायचं असतं, त्यासाठी गोधडी जमिनीवर अंथरली. काकू शेजारी बसून, नजर न हलवता. बाळ मान उचलायचं ते पणजीच्या लुगड्याच्या काठाकडे बघत, असं काका सांगतात.

मला भीती वेगळी आहे. ही गोधडी उद्या भिंतीवर टांगली जाईल. आपल्या कितीतरी घरांत तसं झालं आहे: चौकट, वर छोटा दिवा, पाहुण्यांना दाखवायला. गोधडी अंगावर घ्या, धुवा, फाटू द्या, ठिगळ लावा. मुलांना सुईची भीती घालू नका. आपल्या ढोल-ताशा पथकात तरुण मुलांची रांग लागते, मला त्याचा आनंदच आहे. पण ढोलाला टाळ्या मिळतात, सुईला मिळत नाहीत, म्हणून सुईकडे मुलांना आणायची जबाबदारी आई-बापांवर अधिक आहे. नुसतं आजीचं कौतुक करून भागणार नाही. शनिवारी सॉकर असतो हे मान्य, पण प्रत्येक शनिवारी?

शिवाय सुती कापडच घरांतून चाललं आहे. आमच्या पिढीच्या कपाटात निम्म्या साड्या सिंथेटिक, मुलांच्या कपाटात सगळं ताणलं जाणारं. जे सुती आहे ते फाटण्याआधीच पिशवी भरून डोनेशनला जातं. काकूंच्या ट्रंकेत आता एकच लुगडं उरलं आहे, आणि धाकट्या मुलाचं लग्न व्हायचं आहे.

तेव्हा सभासदांना विनंती. घरातलं सुती जुनेर टाकू नका. मुलांचे सुती टी-शर्ट, चादरी, नवऱ्याचे सदरे चालतील. जीन्स आणू नका. जीज बेंडच्या बायकांना ती जमली, आमच्या सुयांना जमत नाही. कपडे धुऊन, बटणं काढून आणावेत आणि कापड कुणाचं ते चिठ्ठीवर लिहावं. शनिवारी सकाळी दहा वाजता काकू हॉल उघडतात. दहा ते बारा, आणि सुई-दोरा गटाकडून मिळेल.