वाघाला बोलणारं पाखरू

19व्या शतकातल्या कोरियन लोकचित्रांत पाइनच्या फांदीवर मॅगपाय असतो आणि खाली वाघ. मॅगपाय म्हंजे आपल्या टकाचोराचा भाऊबंद, कावळ्याच्याच कुळातला. काळापांढरा, लांब शेपटीचा. जाणकार सांगतात, वाघ हा माजलेला अंमलदार आणि पाखरू म्हंजे रयत. असेल. मला पटतं ते पाखराचं बसणं. शेपटी वर, मान खाली, चोच उघडी. परसात मांजर शिरलं की पाखरं अशीच कालवा करतात. वाघ काय, निवांत बसून कोण बघणार? म्हणून त्याचे डोळे तिरळे नि तोंड बोक्याचं. मॅगपाय मात्र रोजच्या ओळखीचा. तो सकाळी ओरडला की तिथं पाहुणा येणार म्हणतात. आमच्याकडं हे काम कावळ्याचं. पर्सिमनची (टेंभुर्णीच्या जातीचंच हे झाड) फळं उतरवताना शेंड्यावरची दोनचार त्याच्यासाठी राखतात. या शेजारातूनच ते चित्र आलंय. मी पाहिलेल्या शोभेच्या नव्या नकलांत पाखरू नुसतं शुभ म्हणून बसवलेलं, चोच मिटलेली. मग वाघ दचकून वर बघतोय कशाला?