भिंत, पृष्ठभाग आणि वाटसरू

शहरातील उघड्या भिंतींवर रंगविल्या जाणाऱ्या भव्य चित्रांची चर्चा बहुधा त्यांच्या आकारापाशी आणि त्यांतील परिचित चेहऱ्यापाशी थांबते. भिंत ही या चित्रांची केवळ जागा आहे की त्यांच्या आशयाचा घटक, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

या प्रश्नाचा विचार अंबरनाथ पूर्वेतील शिवमंदिरापासून सुरू करता येईल. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेल्या या मंदिराच्या बाह्यभिंती मूर्तींनी गजबजलेल्या आहेत. कोन आणि खाचा यांमुळे त्या एका दृष्टिक्षेपात सामावत नाहीत. प्रदक्षिणा घालणाऱ्याला मूर्ती वळणावळणाने भेटतात. चालणे हाच येथे वाचनाचा क्रम होतो. मूर्ती भिंतीतून काढली तर हा क्रमच नाहीसा होईल.

याच्या तुलनेत रणजित दहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळील टेलिफोन खात्याच्या इमारतीवर रंगविलेले दादासाहेब फाळके यांचे चित्र पाहावे. दहिया मुळात पाट्या रंगविणारे कारागीर. हाताने रंगविलेली सिनेमाची फलके छापील फ्लेक्सने हद्दपार केली. त्या लुप्त हस्तकौशल्याला या चित्राने पुन्हा आकाशाएवढी जागा दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि हे चित्र प्रामुख्याने धावत्या वाहनातून पाहिले जाते. क्षणात ओळख पटणे ही त्याची अट ठरते आणि इमारत निव्वळ पृष्ठभाग उरते. फलकाचे व्याकरण येथे भित्तिचित्राने स्वीकारले आहे.

मोठा चेहरा रंगविणे हाच दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०१७ च्या ससून डॉक कला प्रकल्पात तेथील कोळी समाजातील स्त्रीपुरुषांची मोठी छायाचित्रे गोदीत लावली गेली. तेथेही चेहराच होता. पण पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच जागेवर राबणारे होते. साधन तेच असूनही स्थळाशी असलेल्या नात्याने अर्थ पालटला. छायाचित्रे हलविली असती तर हे नातेही तुटले असते.

म्हणून भित्तिचित्राच्या समीक्षेने पहिला प्रश्न विचारावा तो असा : हे चित्र दुसऱ्या भिंतीवर नेले तर काय गमावले जाईल? काहीच गमावले जात नसेल, तर ते सुशोभन होय. अंबरनाथच्या मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेली आहे. उद्या तिच्या काठच्या एखाद्या भिंतीवर याच मंदिराचे देखणे चित्र रंगविले गेले, तर वाटसरूची नजर नदीकडे वळेल की नदीवरून ढळेल? त्या चित्राचे मूल्य रेषा आणि रंग यांच्याइतकेच या उत्तरावर अवलंबून राहील.